सांगायचं कुणी?

तिसरी गाडीही भरलेल्या मालासकट परत आली, तेव्हा मेकलाने हातातली पिशवी फरशीवर आपटली. पिशवी फुटली. इडलीचं आंबट पीठ तिच्या साडीच्या काठापर्यंत उडालं.

अख्ख्या कोइमतूरमधून माल परत येत होता. पिशव्या टम्म फुगल्या होत्या. एका दुकानदाराने तर फोनवर विचारलं होतं, "अक्का, पीठ विकता की फुगे?"

"कोल्ड रूम कधी बंद पडली?" मेकला ओरडली.

पिशव्या भरणाऱ्या बायका भिंतीला टेकून उभ्या होत्या.

"तोंडात इडल्या कोंबल्यात का सगळ्यांच्या?"

घराच्या ओसरीत एका ग्राइंडरवर सुरू केलेला हा धंदा तिने जिद्दीने इथवर आणला होता. बँक नाही म्हणाली, भावाने हसण्यावारी नेलं, तरी ती हटली नाही. आणि या माणसांना एक साधं यंत्र सांभाळता येऊ नये? तिला रडू येत होतं. आणि रडू आलं की ती ओरडायची.

शेवटी पोन्नम्माने तोंड उघडलं. ती पहिल्या दिवसापासूनची. "सकाळीच, अक्का. आम्ही आलो तेव्हाच बंद होती."

"सकाळी? मग मला सांगायला काय पळणीच्या डोंगरावरून देव मुरुगन उतरणार होता?"

"चिठ्ठ्या टाकल्या आम्ही. कुणी जाऊन सांगायचं म्हणून."

"मग? कुणाचं नाव निघालं?"

पोन्नम्माने दाराकडे पाहिलं. तिथे मेकलाचा नवरा, कदिरवेल, उभा होता. गाड्यांचं सगळं तोच बघायचा.

"माझं," तो म्हणाला. "केबिनच्या दारापर्यंत आलो होतो. तू फोनवर कुणाला तरी झापत होतीस. कॉफी हवी का, एवढं विचारलं आणि परत फिरलो."

एक पोरगी फिसकन हसली. मेकला गर्रकन तिच्याकडे वळली. पोरीचा हात आपसूक चेहऱ्यापुढे आला, फटका चुकवायला यावा तसा. मेकलाने आजवर कुणावर हात उगारला नव्हता. त्या हाताकडे ती बघत राहिली.

जिभेवर आलेले शब्द तिने गिळले. मग तिने एक स्टूल ओढलं आणि सांडलेल्या पिठाशेजारीच बसली.

"आणखी काय काय आहे," तिने विचारलं, "जे मला कुणी सांगितलेलं नाही?"

बायका एकमेकींना कोपरांनी ढोसू लागल्या.

"बोला. ओरडणार नाही मी."

"दर वेळी असंच म्हणता," मागून कुणीतरी पुटपुटलं.

मेकलाचे दात आवळले गेले. पण ती स्टुलावरून उठली नाही.

मग पोन्नम्मा म्हणाली, नवा व्यापारी पाठवतो ती उडीद डाळ जुनी असते, पीठ हलकं होत नाही. ड्रायव्हर म्हणाला, दुकानदार हल्ली आपल्या पिशव्या मागच्या फळीवर ढकलतात. ती हसलेली पोरगी खाली बघत म्हणाली, "मी दुसरीकडे काम बघतेय, अक्का." एकेका वाक्याला मेकलाचे कान तापत होते. प्रत्येकाला द्यायला उत्तर तयार होतं. पदराचं टोक मुठीत आवळून ती ऐकत राहिली.

सगळ्यांचं बोलून झालं. कदिरवेल अजून दारातच होता.

"तुमचंही काही आहे का हो?"

त्याने घाम पुसला. "घरी तू रोज जी इडली खातेस ना, ती आपल्या पिठाची नसते. आपलं पीठ हलकं होत नाही म्हणून, तू इथं आलीस की अम्मा घरी वेगळं पीठ वाटते. वर्ष होत आलं."

गुडघे धरून चालणारी सासू मेकलाच्या डोळ्यांसमोर आली. त्या दिवशी पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आला.

"मग मला का नाही सांगितलं त्यांनी?"

"मीही तेच म्हटलं तिला," कदिरवेल म्हणाला. "ती म्हणाली, मेकलाला सांगण्यापेक्षा वाटणं सोपं."