घरमालकाची सही

जूनमध्ये काविळीने नवरा गेला आणि ऑक्टोबरात लेकीचे डोळे पिवळे दिसायला लागले, तेव्हा शिवणकाम करणाऱ्या त्या बाईने मशीन झाकून ठेवलं आणि थेट पालिकेचं पाणी खातं गाठलं. आपल्या गल्लीतल्या पाण्याच्या तपासणीची नोंद बघायची, एवढाच तिचा अर्ज. आज या, उद्या या करत कारकुनाने तिला पाच हेलपाटे घालायला लावले. सहाव्या खेपेला फाइल एकदाची टेबलावर आली.

"बघा ताई, तुम्ही उगाच संशय घेता. तुमच्याच घरच्या नळाचं पाणी तपासलंय. हा सप्टेंबरचा अहवाल, पिण्यास योग्य. खाली घरमालकाची सही."

सही तिच्या नवऱ्याच्या नावाची होती.

"ही त्यांनी तुमच्यासमोर केली?"

"मग काय, नमुना घ्यायला मीच आलो होतो. तुमच्या मिस्टरांनी स्वतः बाटली भरून दिली, घटकाभर गप्पाही मारल्या."

तिने कागद जवळ ओढला. सहीवर बोट ठेवून, आवाज जराही न चढवता तिने विचारलं,

 

"तब्येत कशी होती त्यांची?"