तेरावी बाटली

रक्षितासमोरच्या बाराही बाटल्या फिकटच राहिल्या. बारा वर्षं ज्या माणसाला खुनी म्हटलं, त्याला आता कुठल्या तोंडानं काका म्हणायचं?

अणशी गावाजवळच्या घरी, पडवीत ती सकाळपासून बसली होती. धारवाडला धातूंच्या ऑक्साइडांच्या अणुसमूहांवर तिचं संशोधन चाले. ते प्रकाश कसा शोषतात, उत्प्रेरक म्हणून कसे वागतात, हेच दिवसभर. त्यातलंच मोलिब्डेनमचं द्रावण तिनं घरी आणलं होतं. मातीत फॉस्फरस भेटला की मोलिब्डेनम त्याच्याभोवती पिंजरा बांधतो, आणि वर चिमूटभर पूड टाकली की द्रावण निळं पडतं. हाडांत फॉस्फरस भरपूर, त्यामुळे हाडं जिरलेली माती तर गर्द निळी.

बारा वर्षांपूर्वी तिचा बाप शेताच्या बांधावरून शेजारच्या नागूकाकाशी भांडला आणि त्याच संध्याकाळी नाहीसा झाला. आई, फुला, तेव्हापासून एकच सांगत आली: नागूनंच घात केला. गावानं बिचाऱ्याच्या घरचं पाणीसुद्धा सोडलं. नागूच्या शेतातल्या बारा जागांची माती तिनं या बाटल्यांत घातली होती; आज एक जरी निळी झाली असती, तर रक्षिता थेट पोलिसांत जाणार होती.

"झाली काय गो निळी?" आईनं चुलीपासून विचारलं.

"न्हाई."

"मग औषधच मेलं असंल तुझं."

शिकलेल्या पोरीला हे झोंबलंच. तेरावी बाटली अजून बाकी होती. प्रयोगशाळेची रीतच तशी. संशयाच्या मातीशेजारी एक बिनसंशयाची ठेवायची, ताडून बघायला. ती माती तिनं आईला न विचारताच परसातून घेतली होती, कोनफळाच्या मांडवाखालून. घरचीच की!

तिनं पूड टाकली. तळातून निळा रंग चढू लागला. प्रयोगशाळेतल्या यंत्रात घालून रंग मोजायचीही गरज उरली नाही, बाटली शाईसारखी काळीनिळी झाली. शेणखत असेल, राख असेल, तिनं मनाला बजावलं.

"आई, मांडवाखाली काय टाकतीस?"

"कायबी न्हाई. तिथं टाकाया लागतच न्हाई. कोनफळं आपसूक पोसत्यात."

आई पदराला हात पुसत बाहेर आली. तिनं बाटली उचलली आणि उन्हात धरली.

"बारा वर्सं झाली गो," ती हळूच म्हणाली, "अजून जिरला न्हाई व्हय तुझा बा?"