उसाच्या पलीकडे

गोगलगायींची पाहणी करायला नांदेडहून श्रद्धा मॅडम भोकरजवळच्या एका शेतात आल्या. बांध दाखवायला सासूने नव्या सुनेला, शिवांगीला, सोबत दिलं आणि स्वतः आखाड्याच्या, म्हणजे शेतातल्या घराच्या, दारात नजर ठेवून बसली.

पपईच्या बुडाशी, ओल्या दगडांखाली गोगलगायी सापडत गेल्या. "ही मोठी, टोकदार शंखाची सोयाबीन फस्त करते. ही बारकी, चपटी पालापाचोळ्यावर जगते," मॅडम सांगत होत्या. शिवांगी मात्र पुढेच चालत राहिली, थेट उसाच्या पलीकडच्या मुरमाड बांधापर्यंत.

"अगं, इथं तर सगळं कोरडं आहे. इथं कुठली गोगलगाय?"

 

"इथं न्हाई सापडत, मॅडम. पण इथून सासूला आपण दिसत न्हाई. तुमच्या गाडीत मला माझ्या आईकडं नेता का?"