पाण्यानं नेलेली वाडी

बायनाबाईनं काठी वाळूत रोवली आणि सगळ्यांना थांबवलं.

"आता कुनी पाय उचलायचा न्हाई. माझ्या काठीपुढं चार अंडी हायत. सापडतात का बगा."

तिसरीची पोरं आणि त्यांचे आईबाप जागच्या जागी वाकले. गेवराईच्या शाळेनं गोदावरीकाठच्या या गावात सहकुटुंब निसर्गसहल काढली होती, आणि नदी दाखवायला गावच्या बायनाबाईला बोलावलं होतं. सत्तरीची बाई, पण वाळूतली चाल पोरीसारखी. डोक्यावर टिटवी ओरडत घिरट्या घालत होती. अंडी काही कुणाला दिसेनात.

"दिसली!" आरोही ओरडली. "पप्पा, ती बघा, दगडासारखीच आहेत!"

तिचा बाप, हनुमान वाकला. खड्यांत खड्यांच्याच रंगाची चार अंडी होती, टोकं आत करून ठेवलेली. नऊ वर्षं तो या पात्रात पोकलेन चालवत होता. वर केबिनमधून त्याला फक्त वाळू दिसायची.

त्यानं तोंडावरचा रुमाल आणखी वर ओढला. सकाळी गाडीतून उतरतानाच त्यानं बायनाबाईला ओळखलं होतं. मागच्या उन्हाळ्यात हीच बाई पोकलेनपुढं येऊन उभी राहिली होती, दोन्ही हात आडवे करून. मुकादमानं तिला दंडाला धरून बाजूला घेतलं, वर बघून हात हलवला, आणि हनुमाननं पोकलेनचा दांडा ओढला होता.

"आहो, तोंड कावून बांधलंय?" त्याच्या बायकोनं, वैष्णवीनं हळूच विचारलं.

"धूळ लई हाय."

वारा पार पडलेला होता.

वळणापुढं मोठा खड्डा लागला. कडा उभ्या कापलेल्या, तळाशी हिरवं पाणी साचलेलं. वर्गाच्या धनश्री मॅडमनी पोरांना हाताला धरधरून मागं घेतलं. बायनाबाई मात्र अगदी काठावर जाऊन उभी राहिली.

"हितं माजी टरबुजाची वाडी होती. माज्या सासूपासनं. दिवाळीनंतर पानी वसरलं की वाळूत चर खनायचे, शेनखत घालायचं अन् बी टोकायचं. होळीला टरबूज हाताला यायचं."

"मग आता कुठं गेली वाडी?" आरोहीनं विचारलं.

बायनाबाईची नजर आईबापांच्या घोळक्यावरून फिरत आली आणि हनुमानच्या रुमालावर थांबली. मग रुमालाच्या वरच्या डोळ्यांवर. तेव्हा हनुमानच्या ध्यानात आलं. त्या दिवशीही त्यानं असाच रुमाल बांधला होता. केबिनच्या काचेतून तिला त्याचे फक्त डोळेच दिसले असणार.

"गेली, बाळा," ती म्हणाली. "पान्यानं नेली."

हनुमान दोन पावलं मागं सरला. ऐन चैत्रात नदीला कुठलं आलं होतं पाणी!

"मग माझ्या पप्पांना सांगा ना, आजी!" आरोहीनं त्याचा हात धरून त्याला पुढं ओढलं. "ते पोकलेन चालवतात. एका दिवसात खड्डा बुजवून देतील. हो ना, पप्पा?"

आईबाप हसले. धनश्री मॅडमनी कौतुकानं टाळी वाजवली.

"तुजे पप्पा व्हय हे?" बायनाबाई म्हणाली.

हनुमाननं रुमाल खाली ओढला. "मावशी, मी…"

"ऱ्हाऊ दे, बाबा." तिनं आवाज खाली आणला. "लेकरापुढं नगं."

ती काठी टेकत पुढं निघाली. वैष्णवीनं एकदा खड्ड्याकडं बघितलं, एकदा नवऱ्याकडं. धुळीचं तिनं परत काही विचारलं नाही.

दुपारी सगळे बाभळीखाली बसले. बायनाबाईनं दोन टरबुजं चिरली आणि पहिली फोड आरोहीच्या हातात दिली.

"आजी, हे तुम्हीच पिकवलंय?"

"न्हाई गं माय. बाजारातनं आनलं. नदीवर पाव्हणे यायचे अन् टरबूज न्हाई, बरं दिसतं का?"

पोरं फोडी खाता खाता कुणाची बी लांब जाते म्हणून पैज लावून थुंकत होती. आरोहीची बी सगळ्यांच्या पुढं पडली. ती टाळ्या पिटत बापाकडं पळत आली.

हनुमान तिच्यापुढं उकिडवा बसला.

"आरोही, वाडी पान्यानं न्हाई नेली. म्या उकरली. पोकलेननं."

पोरीचं खाणं थांबलं. तिनं वळून नदीकडं पाहिलं.

"आजी नव्हत्या तेव्हा इथं?"

"होत्या. म्होरंच उभ्या होत्या."

हातातली फोड तशीच धरून आरोही गेली आणि बायनाबाईच्या शेजारी जाऊन बसली, बापाकडं पाठ करून.

आसपासच्या दोघातिघांनी ऐकलं होतं. कुणी घड्याळ बघितलं, कुणी पोरांना उगाच हाका मारल्या. हनुमानला उठवेना. थोड्या वेळानं त्याच्यापुढं टरबुजाची फोड आली. वर बघितलं तर बायनाबाई.

"खा. उनाचं आलायस."

त्यानं दोन्ही हातांनी फोड घेतली. टरबूज गोड होतं. चार घासांत तोंडात बिया साठल्या. पोरं अजून वाळूत थुंकतच होती. बायनाबाई जिच्यात बी टोकायची त्या वाळूकडं हनुमाननं पाहिलं, आणि एकेक करून सगळ्या बिया गिळून टाकल्या.