चिमूटभर मीठ

पाण्यात मीठ टाकताना कुमुदवहिनींचा हात थबकला. जन्मभर माशाला मीठ लावलं ते तळण्यासाठी. जगवण्यासाठी ही पहिलीच वेळ.

नात हॉस्टेलला गेली आणि तिचा गोल्डफिश वहिनींच्या गळ्यात पडला. वहिनींनी त्याला जावयासारखा आग्रह करकरून पोळी खिलवली. उरलेले तुकडे कुजले, टाकीतलं पाणी नासलं आणि त्या पाण्याने माशाचे कल्ले पोळून पार फिके पडले. आता तो वर तोंड काढून धापा टाकत होता, आणि दिवाळीला नात यायची होती.

"पाणी बदला, थोडं मीठ घाला, कल्ले भरून येतात," दुकानदार म्हणाला होता. "फक्त काही दिवस खायला घालू नका."

वहिनींना हेच सगळ्यात जड गेलं. रोज टाकीला नाक लावून त्या कल्ल्यांत डोकावत. फिकट कल्ले हळूहळू गुलाबी झाले, मग लाल.

रविवारी बाजारात त्यांनी ताजा आहे का बघायला, सवयीने एका बांगड्याचा कल्ला उचलला. आत लालभडक.

"किती छान बरा झालाय गं," वहिनी हरखून म्हणाल्या.

कोळणीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "वैनी, मेलाय तो."

दुपारी ताटात वांग्याची भाजी पाहून अप्पांनी बायकोला विचारलं, "आज रविवार ना? बांगडा कुठाय?"

"हळू बोला," टाकीकडे बघत वहिनी कुजबुजल्या. "आत्ता कुठे सावरलाय तो."