चिंचेनं घासलेला पाव आणा

दिवाळीच्या साफसफाईत देवाच्या समयांसोबत गिरजाबाईंनी नवऱ्याचा, डोमाजींचा, पाव आणाही चिंच लावून लख्ख घासला. "पाहा, नवा करून देला!" कंपनी सरकारच्या काळातलं ते तांब्याचं नाणं. त्याची सगळी किंमत त्यावर पावणेदोनशे वर्षांत चढलेल्या काळपट थरात होती. स्टील प्लांटमधून रिटायर झाल्यापासून भिंगाखाली नाण्यांचे ग्रेड ठरवत बसणारे डोमाजी ओरडले, "अनाडी कुठली!" मग दोन दिवस बोललेच नाहीत.

रविवारी ते सुपेल्याला नाणी जमवणाऱ्यांच्या बैठकीला निघाले. "काही इलाज हाये का, इचारून पाहू," म्हणत गिरजाबाईही सोबत गेल्या.

तिथल्या जाणकारानं नाणं पाहिलं आणि तो हसला. "चाचा, इसका तो ग्रेड ही गया! किस अनाड़ी ने घिस दिया?"

सगळेच हसले. गिरजाबाईंनी मान खाली घातली.

"मैंने घिसा," डोमाजी म्हणाले, आणि नाणं खिशात टाकून उठले.

रस्त्यावर आल्यावर गिरजाबाईंनी हळूच विचारलं, "खोटं कावून बोलले जी?"

"मंग? तुले अनाडी म्हनायले मी हावो ना घरी!"