म्हसवडची डाळिंबं

साक्षीने चुकीची नोंद करायचा फॉर्म पूर्ण भरला. सही तेवढी राहिली.

सकाळी नऊ वाजता तिने बाळासोंच्या अँटिबायोटिकची बाटली नानासोंना लावली होती. दोघे पलूसचे, शेजारशेजारच्या खाटांवरचे. नानासोंना पंख्याखाली झोपायला मिळावे म्हणून त्यांनी आपसात खाटा बदलल्या होत्या; खाटांवरचे कागद मात्र जागेवरच राहिले होते. नानासो झोपलेले होते, म्हणून साक्षीने त्यांच्या बायकोला, मनुबाईंना, नाव विचारले.

"आवं, मालकांचं नाव कसं घिऊ?" मनुबाई लाजल्या. "तुमीच बगा की."

साक्षीने खाटेला लटकवलेला कागद बघितला आणि बाटली सुरू केली.

"शिस्टर, माझी बाटली ऱ्हायली की!" पलीकडून बाळासो ओरडले, तेव्हा तिने धावत जाऊन नळी बंद केली. थोडेसेच औषध गेले होते. डॉक्टर तपासून गेले. आता नानासो पोहे खात होते.

"पेशंट पोहे खातोय आणि तू स्वतःची फाशी लिहितेस?" सुमैरा हळू आवाजात म्हणाली. ती साक्षीपेक्षा चार वर्षांनी सीनियर. "तुझं कंत्राट मार्चला संपतंय. फाड तो कागद."

"इन्चार्ज मॅडम म्हणतात, चूक झाली की लिहायचं."

"मॅडमचं काय जातंय? बत्तीस वर्षांत एक तरी चूक झालीय का त्यांच्या हातून?"

साक्षीने फॉर्मची घडी करून खिशात ठेवली.

तेवढ्यात आकाराम आले. फौजेतून निवृत्त झालेले, म्हसवडचे. दरवर्षी याच तारखेला ते डाळिंबांची पिशवी घेऊन सांगलीच्या या रुग्णालयात येत. त्यांचा मुलगा पूर्वी या वॉर्डात होता, एवढे सगळ्यांना माहीत होते.

इन्चार्ज सिस्टर प्रियदर्शनी मॅडम खुर्ची सोडून उभ्या राहिल्या. डॉक्टर आले तरी त्या बसूनच बोलत.

"वहिनी जेवतात ना नीट?" त्यांनी विचारले.

"व्हय, दोन भाकरी खात्यात. तुमची किरपा, बाई."

मॅडमनी डाळिंबे पेशंटांना वाटली. स्वतः एक दाणाही तोंडात टाकला नाही.

"बघ," सुमैरा कुजबुजली, "जीव वाचवला की माणूस असा जन्मभर विसरत नाही. याला म्हणतात नर्स."

आकारामांना सोडायला साक्षी जिन्यापर्यंत गेली. तिथेच भिंतीवर फॉर्म टाकायची पेटी होती. तिने खिशातला कागद काढला आणि फाडण्यासाठी दोन्ही हातांत धरला. आपण काही मॅडम नाही, हे तिला पुरते कळले होते.

"काका, तुमच्या मुलाला काय झालं होतं? मॅडमनी कसं वाचवलं त्याला?"

आकाराम पायरीवर थांबले.

"वाचला कुठं, पोरी. बाईंच्याच हातनं दुसऱ्याचं इंजेक्शन त्याला गेलं. समदी म्हनत हुती, आईनं चोरून भरवलेल्या भाकरीनं घात केला. तिनं अन्नच सोडलं हुतं. बाईंनी आपल्या सहीनं खरं लिहून दिलं, तवा कुठं तिनं पयला घास घेतला."